पायरसी आणि मेकॉलेंचा इशारा

५ फेब्रुवारी १८४१. ब्रिटिश संसदेत एका विधेयकावर चर्चा चालली होती. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे त्याच्या पुस्तकावरचा हक्क शाबूत राहावा, असा थॉमस टॅलफर्ड यांचा आग्रह होता. विरोध करायला उठले ते स्वतः लेखक असलेले थॉमस मेकॉले. कॉपीराइट हा वाचकांवर बसवलेला कर आहे, लेखकाला मोबदला मिळावा म्हणून तो सोसायचा, पण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नाही, असे त्यांनी बजावले. त्यापुढचा त्यांचा इशारा मला अधिक मोलाचा वाटतो: आज चोरून पुस्तके छापणाऱ्याला लोक लबाड समजतात. कायदा अवाजवी केलात तर ही लोकभावनाच संपेल, आणि मग अवाजवी हक्कांबरोबर वाजवी हक्कही तुडवले जातील. ते विधेयक पडले. १८४२ च्या कायद्यात तडजोड झाली: लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षे किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, यांतली जी मुदत मोठी ती.

मेकॉलेंच्या आधीचा इतिहासही हेच सांगतो. १५५७ मध्ये लंडनच्या ‘स्टेशनर्स कंपनी’ला, म्हणजे मुद्रक आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघाला, राजसनद मिळाली. राजसत्तेला छपाईवर वचक हवा होता आणि संघाला मक्तेदारी. लेखक या व्यवहारात जवळजवळ नव्हताच. परवानगीवाचून छापणाऱ्याला ‘चाचा’ (पायरेट, म्हणजे समुद्रावरचा लुटारू) म्हणण्याची सवय सतराव्या शतकात याच धंद्यात रुजली. हक्क लेखकाचा, असे म्हणणारा कायदा १७१० मध्ये आला. त्यात नव्या पुस्तकाला चौदा वर्षे मिळाली, आणि ती संपताना लेखक हयात असेल तर आणखी चौदा. तरीही लंडनचे विक्रेते आपला हक्क कायमचाच आहे म्हणून भांडत राहिले. एडिंबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तके स्वस्तात छापून विकत असे. त्यालाही चाचाच ठरवले गेले. १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला तो मात्र त्याच्या बाजूने.

अमेरिकेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १७९० च्या तिथल्या कायद्याने परदेशी लेखकांना संरक्षण दिलेच नाही. इंग्लंडमधली पुस्तके तिथे सर्रास छापली जात. १८४२ च्या दौऱ्यात चार्ल्स डिकन्स यांनी याबद्दल जाहीर तक्रार केली, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावरच टीका केली. परदेशी लेखकांना हक्क मिळायला १८९१ उजाडले. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात अमेरिका सामील झाली ती थेट १९८९ मध्ये. पुढे सगळ्या जगाला कॉपीराइटचे धडे देणाऱ्या देशाचा हा भूतकाळ आहे.

मग संगणक आणि इंटरनेटमुळे प्रत काढण्याचा खर्चच जवळपास शून्यावर आला. गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देण्याची नॅपस्टर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये न्यायालयीन लढाईत बंद पडली. नुकसान काल्पनिक नव्हते: १९९९ ते २०१४ या काळात अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न निम्म्याच्याही खाली आले. पण उत्तर काय दिले गेले? २००३ पासून पाच वर्षांत संगीत कंपन्यांच्या संघटनेने सुमारे ३५ हजार लोकांवर कारवाई केली. मिनेसोटातल्या एका महिलेला चोवीस गाण्यांसाठी १९ लाख २० हजार डॉलर भरायला एका ज्यूरीने २००९ मध्ये सांगितले. वरच्या न्यायालयात ही रक्कम शेवटी २ लाख २२ हजारांवर आली. फ्रान्सने वारंवार डाउनलोड करणाऱ्याचे इंटरनेटच तोडण्याची शिक्षा आणली आणि २०१३ मध्ये मागे घेतली. दुसरीकडे १९९८ मध्ये अमेरिकेने हक्काची मुदत मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत वाढवून ठेवली होती. मेकॉलेंना साठ वर्षेच भयंकर वाटली होती. अशा कायद्याचा आदर करा, असे तरुण मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि चोरी हा शब्द तरी नेमका आहे का? १९८५ च्या डाउलिंग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइटचा भंग आणि वस्तूची चोरी एकच नव्हे, असे स्पष्ट केले. प्रत काढली तरी मूळ वस्तू मालकाकडेच राहते. शोधनिबंधांच्या बाबतीत तर नैतिक पारडे माझ्या लेखी उलटेच झुकते. निबंध लिहिणाऱ्या संशोधकाला आणि तो तपासणाऱ्याला नियतकालिकांकडून सहसा काहीच मिळत नाही, संशोधनाचा खर्च बहुतेकदा जनतेच्या पैशातून होतो, आणि वाचायला मात्र अनेकदा पैसे मोजावे लागतात. अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या साय-हबला, म्हणजे शोधनिबंध फुकट देणाऱ्या संकेतस्थळाला, २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीला दीड कोटी डॉलर द्यायला सांगितले. पण अडवलेले ज्ञान तिथून घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी लबाड म्हणणार नाही.

एकट्या कादंबरीकाराची किंवा अनुवादकाची गोष्ट वेगळी. त्याने दोन-तीन वर्षे खपून केलेले पुस्तक फुकट फिरते तेव्हा मक्तेदारी मोडत नाही, त्याचीच मिळकत बुडते. १९९८ च्याच दुसऱ्या एका अमेरिकी कायद्याने त्याच्या हाती नोटीस पाठवून फाइल काढून घेण्याचा उपाय दिला. मोठ्या स्टुडिओकडे हे काम करायला माणसे आणि यंत्रणा असतात. लेखक एकेक दुवा स्वतः शोधतो, अर्ज भरतो, फाइल निघते, आणि काही दिवसांत ती दुसऱ्या नावाने पुन्हा वर येते.