हळकुंड मोडून दाखवा: सांगली-साताऱ्याच्या धंद्यात चित्र कसं आलं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा खरेदीदार आधी भाव विचारत नाही. पोत्यात हात घालतो, मूठभर हळकुंडं बाहेर काढतो, त्यातलं एक दोन्ही अंगठ्यांच्या जोरावर कटकन मोडतो आणि उजेडाकडे धरतो. आतला रंग गर्द आहे की फिकट, मोडताना आवाज खणखणीत आला की दबका, यावर त्याचं मन ठरतं. अडत्याने मालाची कितीही तारीफ केली तरी त्या मोडलेल्या तुकड्यापुढे तिला किंमत नसते.

मी या भागातल्या छोट्या उद्योगांसाठी फोटो आणि व्हिडिओ करतो. हळद, बेदाणा, गूळ, मसाले, शेतीची अवजारं असा बहुतेकांचा धंदा. 'आमच्या मालाची गोष्ट चित्रातून सांगा' अशी मागणी आता जो तो करतो आणि ही कल्पना काल-परवा मोबाइलबरोबर आली असं त्यांना वाटतं. पण कृष्णाकाठच्या या पट्ट्यात धंद्याने चित्राचा आधार घेतला त्याला शंभरावर वर्षं झाली. तो का घ्यावा लागला, याचं उत्तर पोत्यात हात घालणाऱ्या त्या खरेदीदारापाशीच आहे. इथलं गिऱ्हाईक मुळात शेतकरी. बघितल्याशिवाय घेणार नाही.

गोष्ट डोळ्यांनी बघायची सवय तर त्याहून जुनी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच्याच आठवणीचा. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. कीर्तनात कानांनी ऐकलेली सीता सांगलीकरांनी त्या काळात समोर उभी राहिलेली बघितली.

धंद्यातली गोष्ट मात्र नांगरापासून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. तिथे लक्षात आलं की काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना पुरता कळत नाही. मग रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे तेच शिकवूही लागले. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, कडबा कापायचं यंत्र केलं, त्यानंतर लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेईना कोणी. लोखंड मातीत गेलं की जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा पक्का समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

या गोष्टीत शेतकऱ्याला अडाणी ठरवून पुढे जायची रीत आहे. मला ती पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, मोडला तर बलुत्यावर तोच दुरुस्त करायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि ऐन हंगामात फाळ तुटला तर जायचं कुणाकडे? एक पेरणी हुकली म्हणजे वर्ष गेलं. विषाची भीती खोटी असेल, पण तिच्याखालची काळजी खरी होती. ती काळजी जाहिरातीतल्या विशेषणांनी जाणार नव्हती. दुसऱ्याच्या रानात तोच नांगर चालताना दिसला तरच जाणार होती.

बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० मध्ये कुंडल स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजेसाहेब स्वतः चित्रकार. औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी जे संग्रहालय उभं केलं, तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आजही बघायला मिळतात. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणून हे दोन वेगळे इतिहास वाटतात. पण १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्याआधीचा धंदा, बाजार आणि माणसं सगळी एकमेकांत मिसळलेली.

या कारखान्यात लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव आले. त्यांनी लाहोरला श्रीपाद दामोदर सातवळेकरांकडे चित्रकलेचे धडे घेतले होते. काकांच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्याच्या हाती आला आणि तोही नांगराच्या कारखान्यात, या योगायोगाचं मला अजून अप्रूप वाटतं. १९२० साली शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. सुरुवातीला ते कारखान्याचं घरचं पत्र होतं. पुढे त्यात लेख आले, कथा आल्या, शंकररावांची व्यंगचित्रं आली. नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. नांगर खपवायला काढलेल्या पत्रातून मराठी वाचकाच्या घरातली मासिकं तयार झाली. मालाशी थेट संबंध नसलेलं वाचायला देऊन नाव घराघरात न्यायचं, हे आज मोठ्या कंपन्या 'कंटेंट' म्हणून जे करतात त्याच जातीचं काम. एका रेल्वे स्टेशनाशेजारच्या माळावर ते शंभर वर्षांपूर्वी सुरू होतं.

त्या काळी चित्र छापणं म्हणजे काय उपद्व्याप होता तेही बघायला हवं. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचा आणि चित्रासाठी जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक म्हणजे ठसा करून घ्यायचा. फोटोला हाफटोन ब्लॉक लागायचा. त्यात करड्या छटा बारीक ठिपक्यांत फोडलेल्या असत, आणि खरबरीत स्वस्त कागदावर शाई पसरली की ठिपके एकमेकांत मिसळून फोटोचा चिखल व्हायचा. रेघांचं चित्र मात्र लाइन ब्लॉकवर कुठल्याही कागदावर ठसठशीत उठायचं. चार रेघांत ओळखू येईल असा शेतकरी, त्याचा पटका, त्याची बैलजोडी काढता येणारा माणूस घरात असणं म्हणून मोलाचं होतं. आज आम्ही मोबाइलच्या पडद्यासाठी 'लहान आकारातही कळलं पाहिजे' म्हणतो. अडचण तीच आहे, कागदाऐवजी काच आली.

त्याच सुमारास कराडजवळ ओगल्यांनी काचकारखाना काढला, गावालाच ओगलेवाडी नाव पडलं आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. कंदिलाची जाहिरात कंदीलच करत असणार. ज्याच्या ओसरीवर तो लागला त्याचा उजेड अख्ख्या आळीला दिसायचा.

घराच्या भिंतीवर मात्र वेगळंच चित्र आलं. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती रंगीत छापून स्वस्तात मिळू लागल्या. देवाच्या तसबिरीखाली आपलं नाव छापायची युक्ती व्यापाऱ्यांनी लगेच उचलली. सांगलीच्या पेठेतही दिवाळीला अडत दुकानातून कॅलेंडर मिळायचं. वर-खाली पत्र्याची पट्टी, मध्ये देव, खाली दुकानाचं नाव. वर्ष संपलं तरी देवाचं चित्र टाकून कसं द्यायचं म्हणून ते तसंच टांगलेलं राही आणि नाव दहा वर्षं नजरेसमोर. पण यात गोष्ट नव्हती. देवाशेजारी बसून मान मिळवायचा एवढंच होतं. उपयोग झाला हे खरं, पण मालाबद्दल त्या चित्राने कधी काही सांगितलं नाही.

गोष्ट पुन्हा आली ती सिनेमाच्या पडद्यावर. मध्यंतरात दिवे लागायच्या आत स्थानिक दुकानांच्या स्लाइड दाखवत. तळहाताएवढ्या काचेवर पेंटर बारीक ब्रशने दुकानाचं नाव, एखादं पातळ नेसलेली बाई नाहीतर शिलाई मशीन काढायचा. जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्येही तेच. आमच्या घरी अशी एक काच आहे, कोपरा उडालेली. वडिलांच्या ओळखीच्या एका कापडवाल्याची. उजेडात धरली की त्यावर लुगड्याची घडी उलगडणारे दोन हात दिसतात आणि काठाचा जर पिवळ्या ठिपक्यांनी काढलेला. बाईचा चेहरा नाही, दुकानदाराचाही नाही. फक्त हात आणि काठ. गिऱ्हाईक दुकानात बसून जे बघतं नेमकं तेवढंच त्या पेंटरने निवडलं. रोज फोटो काढणारा मी, पण कोणत्या गोष्टीवर नजर ठेवायची हे मी त्या काचेकडून शिकलो.

याच पेंटरांनी भिंती रंगवल्या. पुणे-सातारा-कराड रस्त्याकडेची घरं, एसटी स्टँडच्या समोरचे आडवे कट्टे, विहिरींच्या इंजिनघरांच्या भिंती. सुतळी निळीत बुडवून दोघांनी ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ. त्या रेघांच्या चौकटीत अक्षरं बसायची. बियाणं, खतं, सिमेंट, तंबाखू. ऊस डोक्यावरून जाणारा, मोटारीचं पाणी पाटात पडणारं, अशी चित्रं मी शाळेच्या एसटीतून बघत मोठा झालो. खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरची सही असे आणि गावाला त्याचा हात ओळखू यायचा.

फ्लेक्स आला आणि हे सगळं भराभर मोडलं. या टप्प्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. फ्लेक्स स्वस्त होता, एका रात्रीत मिळत होता, आणि चौकात चेहरेच चेहरे झाले. वाढदिवस, निवड, अभिनंदन. धंद्यानेही तेच उचललं: मालकाचा हात जोडलेला फोटो, मागे सूर्यकिरणं, खाली मालाचं नाव. कुशल पेंटर बेकार झाले, काही जण रेडियम कापायला लागले, काहींनी रिक्षा घेतली.

त्या काळात एक चूक माझ्याही हातून झाली. हरिपूरकडच्या एका बचत गटाच्या हळद पावडरीचं काम आलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत. २००५ च्या महापुरात ती पेवं बुडून मोठं नुकसान झालं होतं. एवढी मोठी गोष्ट दारात असताना मी इंटरनेटवरून एक फोटो विकत घेतला: पांढरंशुभ्र परदेशी स्वयंपाकघर, हसणारी कुणी बाई, काचेच्या वाडग्यात हळद. फ्लेक्स लागला. गटाच्या मावशींनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही बाई कोण रे बाळा? आमच्यात अशा वाडग्यात हळद कोण ठेवतंय?" फ्लेक्स दोन महिने राहिला. त्याच्यावरून एकही फोन आला नाही.

दरम्यान जागेच्या नावालाच बाजारात वजन आलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ आणि हळदीला २०१८ मध्ये, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये. माल कुठला, तिथे तो कसा होतो, हेच आता विकायचं होतं. पाचगणीत १९५९ पासून असलेल्या, जॅम-सरबतं करणाऱ्या मॅप्रोला हे आधीच कळलं होतं. पर्यटक त्यांच्या बागेत थांबतो, स्ट्रॉबेरी बघतो, मग बाटली उचलतो. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशेवर वर्षं झाली. तिथे पूर्वी गायक स्वतः येऊन शेजारी बसून जवारी काढून घ्यायचा, म्हणजे तारांखालची घोडी नाद खुलेल अशी घासून घ्यायचा. आता कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो, आणि आवाज हळूहळू कसा उघडत जातो ते मोबाइलवर दूरच्या गावातला विद्यार्थी ऐकतो. ठरवून मांडलेली जाहिरात मला त्यापुढे फिकी वाटते.

मोबाइलने एक गोष्ट फार मोठी केली: मधला मीच थोडा बाजूला झालो. तासगावकडची मुलं शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षाचा बेदाणा होताना रोज एक तुकडा टिपतात, सातारा-कराडकडच्या पोरांनी गावरान बोलीत मालिका करून दाखवल्या. कॅमेरा कुणाकडे आहे यापेक्षा काय दाखवायचं हे कुणाला माहीत आहे, याला महत्त्व आलं.

मावशींचं काम मी नंतर पुन्हा केलं, पैसे न घेता. काहिलीत हळद शिजतानाची वाफ टिपली, अंगणात पसरलेली पिवळी चादर टिपली. शेवटी म्हटलं, मावशी, सौद्यात मोडतात तसं एक हळकुंड मोडून दाखवा. त्यांनी एक उचललं, वाकवलं. ते मोडलं, पण आवाज बसका आला. मी म्हटलं चालेल, व्हिडिओत कळणार नाही. त्यांनी तुकडे परत चादरीवर टाकले. "बघणाऱ्याला कळतंय. अजून दोन दिस ऊन खाऊ दे, मग ये."

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मावशी उन्हातच बसल्या होत्या. कॅमेरा लावेपर्यंत त्यांनी चार मोडून बघितली होती, पाचवं माझ्यासमोर धरलं. तो आवाज मी मागे संगीत न लावता तसाच ठेवला आहे.