पोहायला शिकण्याची तयारी (लहान मुलं)

लहान मूल पोहण्याच्या क्लासला घालण्याइतकं शरीरानं आणि समजेनं तयार झालंय का, ते ओळखणं. हा प्रश्न साधारण १ ते ६ या वयात येतो. नेमकं वय कोणतं यावर तज्ज्ञांचं एकमत पूर्वी नव्हतं, आजही पूर्ण नाही.

वादाची सुरुवात बहुधा १९३९ च्या सुमारास, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांच्या निरीक्षणांपासून धरता येते. काही आठवड्यांचं बाळ पाण्यात धरलं की श्वास रोखतं आणि हातपाय तालात मारतं, पण साधारण ४ महिन्यांनंतर हे मावळतं, मग मूल नुसतं धडपडतं आणि पाणी पितं, ठरवून केलेली हालचाल पुढे दुसऱ्या वर्षात कधीतरी येते. बेबी स्विमिंगवाले, म्हणजे तान्ह्या बाळांचे पोहण्याचे क्लास घेणारे, यातला पहिला भागच सांगतात. तान्हं बाळ श्वास घ्यायला स्वतःहून डोकं वर काढू शकत नाही, तेव्हा याला पोहणं म्हणणं बरोबर वाटत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनं २००० साली सांगितलं की चौथा वाढदिवस होईपर्यंत बहुतेक मुलं रीतसर क्लाससाठी तयार नसतात. मग २००९ मध्ये अमेरिकेतलाच एक अभ्यास आला, १ ते ४ वयात क्लास केलेल्यांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यातली मुलं थोडी होती आणि अंदाजाची रेंज फार मोठी होती, म्हणून तो जपूनच वापरावा. तरी २०१० मध्ये अकॅडमीनं भूमिका सैल केली, आणि २०१९ पासून १ वर्षापुढच्या बऱ्याच मुलांना क्लासचा फायदा होऊ शकतो असं ती म्हणते. १ वर्षाच्या आत क्लासमुळे बुडण्यापासून बचाव होतो याला पुरावा नाही.

उलट ऑस्ट्रेलियातल्या १९९५ च्या अभ्यासात २, ३ किंवा ४ व्या वर्षी सुरू केलेली मुलं फ्रीस्टाइल शिकली ती जवळपास एकाच वयाला, साडेपाचच्या आसपास. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, कारण एक बुडण्याबद्दल आहे आणि दुसरा स्ट्रोकबद्दल, म्हणजे फ्रीस्टाइलसारख्या हातपाय मारायच्या ठरावीक पद्धतीबद्दल. पाण्याची सवय आईबाबांसोबत लवकर आणि स्ट्रोक ४-५ नंतर, हेच मत जास्त पटणारं आहे. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा मचाण बांधून शिकवतात तेही ४ वर्षांपुढच्यांनाच, त्याहून लहानांना सकाळी पाळणाघरात सांभाळतात.

घरी बघायच्या खुणा साध्या आहेत. डोक्यावरून तांब्या ओतला तर मूल लगेच रडत डोळे चोळतं की तोंड मिटून थांबतं, पाण्यात बुडबुडे काढतं का, "काठ धर, मग पाय मार" अशी दोन टप्प्यांची सूचना पाळतं का, आपला नंबर येईपर्यंत पायरीवर बसून राहतं का. ओठ निळे पडेपर्यंत कुडकुडत असेल तर त्या दिवशी लगेच बाहेर काढायचं. क्लास झाला तरी पाण्याजवळ लहान मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच हवं, यावर मात्र कुणाचाच मतभेद नाही.

महाराष्ट्रात खेड्यात विहिरीवर शिकणारं पोर पाठीला पत्र्याचा डबा, भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून उतरतं, आणि त्याची तयारी झाली का ते वय विचारून नाही, काठावरचा काका-मामा बघून ठरवतो.