सरकते छत: बटण दाबले की बंद, हा समज खरा नाही

नांदेड वा छत्रपती संभाजीनगरला मोठ्या स्टेडियमचा विषय निघाला की, ‘वर सरकते छत टाका, पाऊस आला की बटण दाबून क्षणात बंद करता येते’, असे हमखास ऐकायला मिळते. ते खरे नाही. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर 2009 पासून असे छत आहे. ते बंद व्हायला दहा मिनिटांपर्यंत लागतात आणि त्यानंतरही, गवत दमट होऊन निसरडे होऊ नये म्हणून, आतली हवा कोरडी होईपर्यंत खेळ थांबवावा लागतो.

त्याहून मोठी अडचण वाऱ्याची आहे. आपल्याकडे वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा दगड ठेवलेले पत्रेही उचलून नेतो. छतालाही तो असाच वर ओढतो, म्हणून छताची चाके रुळांना खालून पकडून ठेवावी लागतात आणि वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की छत हलवतच नाहीत. म्हणजे निर्णय थेंब पडण्यापूर्वी, अंदाजावरच घ्यावा लागतो.

उन्हाचाही हिशेब आहेच. परभणीत हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली, तर उन्हाळ्यात 42 च्या वर जातो. एवढ्या फरकाने 100 मीटर लांबीची पोलादी तुळई साडेतीन सेंटीमीटरहून अधिक वाढते, त्यामुळे एका बाजूच्या चाकांना आडवे सरकण्यास मोकळीक ठेवावी लागते.