अळवावरचं पाणी ठरत का नाही?

पावसाळ्यात परसातला अळू नुसता माजतो. सकाळी पानाच्या खोलगट भागात टपोरा थेंब बसलेला असतो. देठाला जरा धक्का लागला की पाऱ्यासारखा घरंगळतो, आणि मागे ओलसर डागसुद्धा राहत नाही. न टिकणाऱ्या गोष्टीला आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो ते उगाच नाही.

पान मेणचट असतं म्हणून असं होतं, असं कुणीही सांगेल. खरं आहे, पण अर्धंच. काचेवर मेणाचा गुळगुळीत थर देऊन त्यावर थेंब सोडा. तो पसरत नाही, पण चेपून बसतो आणि काच तिरपी केली तरी लवकर हलत नाही. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो इथे फार तर ११० अंशांच्या आसपास असतो. अळवावर तो १५० च्या वर जातो, म्हणजे थेंब जवळजवळ गोल राहतो. मेण तर दोन्हीकडे आहे. मग वरचे चाळीस अंश आले कुठून?

आकारातून. पानाच्या वरच्या थरात पेशीगणिक एक बारीक उंचवटा असतो, आणि त्या सगळ्यावर मेणाच्या स्फटिकांची खरबरीत पखरण. या स्फटिकांची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजायची. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. थेंब या टोकांवर टेकतो, खालच्या फटींत शिरू शकत नाही. तिथे हवा अडकलेली असते, म्हणजे थेंब बराचसा हवेवरच बसलेला असतो. कॅसी आणि बॅक्स्टर या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये याचं गणित मांडलं होतं. अशाच घडणीच्या कमळाच्या पानावर धूळ का टिकत नाही, हे जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं: धूळही टोकांवरच टेकलेली असते, घरंगळता थेंब तिला सहज उचलून नेतो.

ही हवा डोळ्यांनी दिसते. अळूवडीसाठी आणलेलं ताजं पान बादलीत बुडवून तिरकं पाहा. चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकेल, कारण पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून प्रकाश परत फिरतो. बाहेर काढा, पान कोरडं!

आता त्याच पानावर एका जागी अंगठा दाबून चोळा. मेण जागच्या जागी आहे, फक्त नक्षी मोडली. पुढचा थेंब तिथे येऊन चिकटतो.