पार्श्वभूमी : वाड्याच्या सागातली भेटीची पेटी

लग्न, मुंज, साठीशांत, भाऊबीज अशा निमित्तानं हातानं घडवलेली छोटी लाकडी पेटी देण्याची आवड पुण्यात अलीकडे बरीच वाढली आहे. त्यात जुन्या सागाला विशेष मान. तो आपल्याच पाडलेल्या वाड्याचा असेल तर विचारायलाच नको. एका तुळईतून चार भावंडांसाठी चार पेट्या करून द्या, असं काम घेऊन लोक मिस्त्रीकडे येतात; काही जण स्वतःच करवत आणि रंधा हातात घेतात. हे लाकूड आपल्या हाती कसं आलं, त्याचा इतिहास पेटीच्या कारागिरीपेक्षा मोठा आहे.

मराठी घराला लाकडी पेटी नवी नाही. आरसा, फणी, कुंकू आणि मेण ठेवायची फणेरपेटी, कारकुनाची उतरत्या झाकणाची पेटी, पानाचा डबा, सावंतवाडीच्या गंजिफांची (हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची) रंगवलेली पेटी हे सगळे प्रकार पुण्यातल्या संग्रहालयांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरतेकडे चंदन, शिसव, हस्तिदंत, शिंग यांचे बारीक तुकडे बसवलेल्या सादेली पेट्या होत; त्या मुख्यतः साहेबांच्या आणि श्रीमंतांच्या घरी गेल्या. १९८६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाल्यावर भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि त्या वळणाचं नवं काम इतर साहित्याकडे वळलं. आपल्याकडे पेटी भेट म्हणून रिकामी जात नसे. शेजारणीचं भांडंसुद्धा रिकामं परत न करणाऱ्या घरांत, पेटीत कुंकू, दागिना, निदान सुपारी तरी असायचीच. पेटी हीच भेट, हा विचार त्या मानानं अलीकडचा.

सागाचं मोल त्याही आधीपासून ठाऊक होतं. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीच्या राजनीतीवरच्या ग्रंथात आरमारासाठी साग परवानगीनं तोडावा, पण रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, अशी ताकीद आहे. पेशवाईतल्या पुण्यानं साग सढळ हातानं वापरला. शनिवारवाड्याचं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. विश्रामबागवाड्याचा कोरीव दर्शनी भाग बाजीराव रस्त्यावरून आजही दिसतो. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सलग झाली, १८८५ च्या युद्धानंतर उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेला, आणि मुंबई बंदरात उतरलेला बर्मा साग पुण्यापर्यंत येणं सोपं झालं. त्यामुळे ‘पेशवेकालीन साग’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक तुकडा पेशवेकालीन असतोच असं नाही. पेठांमधले कितीतरी वाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे आहेत.

छंद म्हणून पेटी करण्याचं मूळ शाळेत शोधावं लागतं. १९३७ मध्ये वर्ध्याला मूलोद्योगी, म्हणजे एखाद्या हातच्या उद्योगातून द्यायच्या, शिक्षणाची कल्पना मांडली गेली आणि सूतकताईबरोबर सुतारकामही शाळेत आलं. १९६४–६६ च्या शिक्षण आयोगानंतर त्याची जागा कार्यानुभवानं घेतली. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांनी पटाशी पहिल्यांदा धरली ती शाळेतच.

पण पुण्यात हे लाकूड मोकळं झालं ते एका कायद्यामुळे आणि एका पुरामुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकलं. भाडेकरूला घर टिकलं, हे त्याचं मोठं देणं. मालकाला मात्र त्या भाड्यात फुटकी कौलं बदलणंही जड जाऊ लागलं. वाडे गळत राहिले, छताखालच्या कड्यांची, म्हणजे आडव्या लाकडांची, टोकं भिंतीत कुजत राहिली. मग १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती बसल्या आणि वर्षानुवर्षं छताखाली असलेलं लाकूड रस्त्यावर आलं. १९६३ आणि १९७० च्या कायद्यांनी फ्लॅटची मालकी रुळवली, तेव्हा उभ्या राहिलेल्या वाड्यांचीही पाळी आली.

पाडकामाचा व्यवहार तेव्हापासून साधारण एकाच पद्धतीनं चालतो. पाडणारा ठेकेदार लाकूड, कौलं, लोखंड घेऊन जातो आणि त्या बदल्यात मालकाला ठरलेली रक्कम देतो. साग घनफुटावर विकला जातो. भवानी पेठेतला टिंबर मार्केट आणि जुना बाजार ही त्याची ओळखीची ठिकाणं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या लाकडाकडे कोणी वळून पाहत नसे. नव्या फ्लॅटमध्ये लोकांना सनमायका हवा होता. दीडशे वर्षं वाळलेला, तेलानं गच्च भरलेला साग पुण्यानं तेव्हा कवडीमोलानं घालवला. हे मला अजूनही सलतं. कारण त्या प्रतीचं लाकूड आता पुन्हा येणार नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जंगलतोडीवर आणि विनापरवाना करवत गिरण्यांवर बंधनं आली. एप्रिल २०१४ पासून म्यानमारनं ओंडक्यांची निर्यातच थांबवली. आज दुकानात मिळणारा आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतला साग बहुधा कमी वयाच्या लागवडीचा असतो. नखानं दाबून पाहिलं तरी फरक कळतो.

आता खरा वाद. पेटीसाठी वाड्यातलं काय कापायचं?

कडी, पाट, साधी तुळई यांबद्दल फारसं दुमत नाही. कुजलेलं टोक छाटून उरलेल्या भागातून दोन-तीन फुटांचे चांगले तुकडे निघतात आणि छोट्या पेटीला तेवढे पुरतात. प्रश्न येतो तो खांबावरच्या कोरीव हस्ताचा (तुळईला आधार देणाऱ्या लाकडाचा), गणेशपट्टी असलेल्या दाराच्या चौकटीचा, सुरूच्या आकारात कोरलेल्या खांबाचा. कमळ कोरलेला हस्त मधोमध चिरून त्याचं झाकण केलेल्या पेट्या मी पाहिल्या आहेत. त्या देखण्या दिसतात आणि त्यांना भावही चांगला मिळतो. असं करणाऱ्यांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. एक दरवाजा चार भावंडांत वाटता येत नाही, पेटी येते. फ्लॅटमध्ये सात फुटी चौकट ठेवायला जागा नाही. आणि आपण न कापलेला हस्त शेवटी कुठल्यातरी हॉटेलच्या भिंतीवर जाणार, मग तो घरातच का राहू नये?

कायदा इथे अर्धवट मदत करतो. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून सुटून आलेली वस्तूही त्याच्या व्याख्येत येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण मालकानं घरातल्या घरात त्याच वस्तूवर करवत चालवली तर सहसा कोणी विचारत नाही. महापालिकेची वारसा यादी उभ्या वास्तूंपुरती. यादीत नसलेल्या वाड्याच्या लाकडाला तिचाही आधार नाही. निर्णय शेवटी घरच्यांवर येतो, आणि तोही पाडकामाच्या घाईत, ठेकेदार दारात उभा असताना.

माझं मत स्पष्ट आहे. कोरीव काम कापू नये. साध्या तुळईच्या पेटीत वाड्याची आठवण तेवढीच राहते, लाकूड एकच, झाड एकच. चिरलेला हस्त मात्र पुन्हा हस्त होत नाही. तो कोणत्या वाड्याचा, कोणत्या खणातला, कोणत्या हाताचा, हे सांगण्याची त्याची ताकद त्या एका चिरेत संपते. वाटणी करायचीच तर हस्त एकाकडे राहावा आणि बाकीच्यांना त्याच सोप्यातल्या, म्हणजे ओसरीतल्या, तुळईच्या पेट्या मिळाव्यात. पाडकामाआधी फोटो काढून, खांबांना क्रमांक टाकून ठेवले तर हे सहज जमतं.

जुन्या सागाचं काम नव्यापेक्षा सावकाशीचं आहे. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावे लागतात. घडीव चौकोनी खिळ्याचा तुकडा आत राहिला तर रंध्याचं पातं जातं. खिळ्याभोवती जो काळा डाग दिसतो तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा. मी तो खरवडत नाही, पेटीवर तसाच राहू द्यावा. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, म्हणून पटाशीला वारंवार धार लावावी लागते. तेलामुळे सरस किंवा फेव्हिकॉल नीट धरत नाही. जोडायच्या जागेवर ताजा रंधा मारून, ती थिनरनं पुसून लगेच चिकटवणं बरं. जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर अधिक जपावं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भागांची) मर्यादा नोव्हेंबर २०१७ मध्ये आली. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं. ते कोरडं घासून धूळ करू नये, विशेषतः पेटी लहान मुलाला द्यायची असेल तर.

शंभर वर्षं वाळलं म्हणून लाकूड हलायचं थांबत नाही. पुण्याचा एप्रिल कोरडाठाक, ऑगस्ट दमट. सहा इंच रुंद फळी तेवढ्यात एखाद-दोन मिलिमीटर सहज फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं झाकण म्हणूनच राखीपौर्णिमेला अडकतं. तळाची फळी चारी बाजूंनी चिकटवली तर कोपरे तरी उघडतात किंवा फळी तरी तडकते. ती खाचेत मोकळी ठेवायची. कोपऱ्यांना डवटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा एकमेकांत अडकणारा सांधा, असेल तर खिळ्याची गरजच नाही. पितळी बिजागऱ्या रविवार पेठेत मिळतात. त्यांचे स्क्रू आधी गिरमिटानं भोक पाडूनच बसवावेत, नाहीतर सागात स्क्रूचं डोकं तुटतं. शेवटी जवसाचं तेल आणि मेण पुरे.

वाडे संपत आले तसं नवशिक्यांचं लाकूड बदललं. चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या खोक्यांचं पाइन स्वस्त मिळतं. त्यावरच्या शिक्क्यात एचटी असेल तर ते लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं असतं; एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात न आणलेलं बरं. सुक्या मेव्याच्या लेझर-कट एमडीएफच्या (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीच्या) पेट्या बाजारात आहेत. दिवाळीपुरत्या त्या चालतात, पण एमडीएफला पाणी लागलं की कडा फुगतात आणि मग दुरुस्ती होत नाही.

पुण्यातल्या बऱ्याच पेट्या शेवटी परदेशातल्या मुलांकडे जातात. साग आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधित यादीत नाही. शिसव मात्र जानेवारी २०१७ पासून आहे. छोट्या तयार वस्तूंना पुढे काही सवलत मिळाली. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू उतरल्यावर जाहीर करावी लागते, आणि किडीची भोकं दिसली तर ती अडकू शकते. वाड्याच्या लाकडात अशी भोकं असतातच, म्हणून परदेशी जाणाऱ्या पेटीसाठी तुळईच्या मधला निरोगी गाभा निवडावा. आणि शंभर वर्षांपूर्वीचा कोरीव तुकडा तिच्यावर मुळीच बसवू नये.