काचेच्या छपराखालची गांधीलमाशी

कोबीच्या पानावर मरायला टेकलेली अळी आणि तिच्या अंगाला चिकटलेला पिवळ्या कोषांचा पुंजका. इटलीतल्या निसर्गअभ्यासक उलिसे आल्द्रोवांदीने १६०२ मध्ये हे नोंदवले, पण ती अळीची अंडी आहेत असे त्याला वाटले. अळी कुठली अंडी घालते! ते कोष तिला आतून खाऊन बाहेर पडलेल्या गांधीलमाशीच्या पिल्लांचे, हे उलगडायला शंभरेक वर्षे गेली. हीच जात १८८३ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत मुद्दाम नेली गेली.

हरितगृहात किडींविरुद्ध गांधीलमाशी वापरण्याची सुरुवात मात्र अळीपासून झाली नाही. १९२६ मध्ये एका इंग्रज टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली दिसली. तिथल्याच चेशंटच्या संशोधन केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञ स्पायरने तपासले, तर आत एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशी. केंद्राने ती वाढवून वाटली, परदेशीही धाडली. महायुद्धानंतर डीडीटी आले आणि सगळे बारगळले.

गांधीलमाशी हरितगृहात परतली तेव्हा कारणे व्यवहाराची होती. कीडनाशकांना किडी दाद देईनात. शिवाय १९८७ च्या सुमारास बेल्जियम-हॉलंडमध्ये टोमॅटोच्या परागीभवनासाठी भुंगेमाश्या सोडू लागले. फवारले की त्याच मरायच्या. स्पेनच्या आल्मेरियात २००६ च्या अखेरीस मिरचीत बंदी असलेल्या औषधाचे अंश जर्मनीत सापडले, तेव्हा तिथले शेतकरी मित्रकीटकांकडे वळले.

त्याच वर्षी स्पेनमध्ये दक्षिण अमेरिकेतली, टोमॅटोवरची टुटा अळी उतरली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून खाते, फवारा पोचतच नाही. म्हणून तिच्या अंड्यांवरच ट्रायकोग्रामा सोडली. अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात अंडे घालते. अंडे काळे पडते, अळी जन्मतच नाही. खरा भार तिथे एका शिकारी ढेकणाने उचलला, हेही सांगायला हवे.

टुटा २०१४ मध्ये पुणे भागात पोचली. ट्रायकोग्रामा आपल्या ऊस उत्पादकांना आधीच ठाऊक होती: तांदळावरच्या पतंगाची, आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली सुमारे २० हजार अंडी चिकटवलेले ट्रायकोकार्ड. पट्ट्या कापायच्या, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचायच्या. दुसऱ्या दिवशी आधी मुंग्या बघायच्या. त्यांना ही अंडी फार आवडतात.