द्रुत आली की तान का फाटते?

शहापुरातल्या आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर अजून चालतो. बेळगावच्या पावसात कव्हरांना बुरशी धरते, ती पुसत बसणं हे श्रावणातलं ठरलेलं काम. काकांची तक्रारही ठरलेली: "विलंबित ख्याल कसा गोड लागतोय, आणि द्रुत आली की तान फाटते. झिजली बघ रेकॉर्ड." (विलंबित म्हणजे संथ लय, द्रुत म्हणजे जलद, आणि तान म्हणजे भरभर घेतलेली सुरांची लड.) मलाही तसंच वाटायचं. पण परवा नवी कोरी एलपी, म्हणजे बारा इंची लाँग प्ले रेकॉर्ड, लावली, तर तिचंही तेच!

दोष भूमितीचा आहे. आवाज रेकॉर्डवरच्या सर्पिल खाचेत बारीक लाटांच्या रूपात कोरलेला असतो आणि सुई त्या खाचेतून बाहेरच्या कडेकडून आत सरकत जाते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला एक फेरा साधारण ९२ सेंटिमीटरचा, सर्वांत आतला जेमतेम ३८ चा. वेळ तेवढाच, वाट निम्म्याहून कमी. सुईखालून खाच सरकण्याचा वेग सेकंदाला ५१ सेंटिमीटरवरून २१ वर येतो. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असते, तर आत फक्त २१. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच सुमारे १८ मायक्रॉन. एवढ्या बारीक वळणात ती बसणार कशी? वळण चुकवत, घासत ती पुढे जाते आणि आपल्याला 'स', 'श' फुसफुसताना ऐकू येतात.

आपल्या ख्यालाला हे फारच महागात पडतं. गायक विलंबितातून द्रुतकडे चढत जातो आणि नेमकी त्याच वेळी खाच मंदावत जाते. तानांची सगळी आतषबाजी सर्वांत अडचणीच्या जागी येते.

मग ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड बरी? बारा इंची असेल तर नक्कीच. कुठल्याही त्रिज्येवर वेग ३५ टक्के जास्त, पण वाजण्याचा वेळ तेवढ्याच हिशेबाने घटतो. सात इंची ४५ ची मात्र उगाच तारीफ होते. तिचा व्यासच लहान, त्यामुळे वेग ४० च्या आसपास सुरू होऊन २५ पर्यंत उतरतो. म्हणजे एलपीवरचं पहिलं गाणं तिच्याहून सरस जागेवर बसलेलं असतं!

एलपीच्या एका बाजूवर तीस मिनिटं कोंबायची, तर खाचा एकमेकींना खेटतात. मग आवाज बारीक ठेवून कापावं लागतं आणि पृष्ठभागाची खरखर मात्र होती तेवढीच राहते. डग्ग्याच्या घुमाऱ्याला सर्वांत रुंद खाच लागते, म्हणून खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, खाच कापतानाच दाबतात आणि प्लेअरमधल्या सर्किटने परत उचलतात. १९५४ पासून यासाठी एकच प्रमाण रूढ झालं.

नुसत्या वेगानेही भागत नाही, हे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून कळतं. दहा इंचीच्या कडेला सेकंदाला जवळजवळ एक मीटर वेग, पण माल लाखेचा, त्यात दगडाची भुकटी, म्हणून खरखर. शिवाय एका बाजूला तीनेक मिनिटं. तेवढ्यात राग मांडायचा. आपल्या जवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या अशाच तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत.

काकांसाठी मी लंबवर्तुळाकार टोकाची सुई आणली. तिची अरुंद कड सात-आठ मायक्रॉनची. तान आता बऱ्यापैकी सुटी ऐकू येते. काका अजून म्हणतात, "रेकॉर्ड झिजलीच आहे." पण सुई बदलू देत नाहीत.